तेराव्यानंतर

चि. छकुलीस,

बाबांचा तेरावा उरकला, पाहुणे परतले. कळव्याच्या त्या दोन खोल्यांत आता तू आणि तुझी आई. भेटायला येणारा जो तो तुला सांगतो आहे, "आईकडे बघून तरी सावर." आत्याचं सांगणं वेगळं आहे. घाई करू नकोस.

लोकलने थोडं पुढे गेलं की कल्याण. 31 मार्च 1865 रोजी तिथे जन्मलेल्या यमुनेची, म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशींची गोष्ट तू शाळेत शिकलीस. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी मुलगा, आणि तो अवघ्या दहा दिवसांत गेला. पुढचं सगळे एका दमात सांगतात: मूल दगावलं म्हणून ती डॉक्टर झाली. पण एप्रिल 1883 मध्ये कलकत्त्याहून ती बोटीत चढली, तोवर मध्ये काही वर्षं गेली होती. नवऱ्याच्या बदल्यांमागे बिऱ्हाडं हलली, अभ्यास चालला, लोकांचे टोमणे चालले, तब्येत कुरकुरत राहिली. ही मधली वर्षं कुणी गाळू नयेत असं आत्याला फार वाटतं, कारण तुझी तीच आता सुरू झाली आहेत.

11 मार्च 1886 रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात तिला पदवी मिळाली. प्रबंध होता हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्रावर. बाळाला विसरलेल्या आईने हा विषय घेतला नसता.

आणि वर्ष पुरं व्हायच्या आत, 26 फेब्रुवारी 1887 रोजी, क्षयाने ती पुण्यात गेली. बावीसही पूर्ण नव्हती. तिला अमेरिकेत आपल्या घरी लेकीसारखं ठेवून घेणाऱ्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्याकडे तिच्या अस्थी पाठवण्यात आल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी गावी, आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत, त्यांनी त्या ठेवल्या. रक्ताचं नातं नाही, धर्म एक नाही, तरी घरच्या माणसांत तिला जागा दिली.

म्हणून बाबांचं कपाट आत्ताच रिकामं करू नकोस. शर्ट कुणाला द्यायचे, चष्म्याचं काय करायचं, हे आईला वाटेल तेव्हा ठरवा. आई त्यांचा विषय काढेल तेव्हा टीव्हीचा आवाज वाढवू नकोस. बोलू दे तिला. तेच तेच बोलली तरी ऐक. रजा संपल्यावर लेडीज डब्यात रडू आलं तर येऊ दे, कुणीतरी पाण्याची बाटली पुढे करेल. आपल्या गाड्यांमधल्या बायकांवर आत्याचा तेवढा भरवसा आहे.

खाणं आणि झोप आठवडेच्या आठवडे रुळावर आली नाही, जगणं नकोसं वाटू लागलं, तर मात्र थांबू नकोस. सरकारच्या टेली मानसचा 14416 हा नंबर रात्री-अपरात्रीही लागतो. डॉक्टरकडे जायचं झालं तर आत्या बरोबर येईल.

आता कागदांचं. मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत व्हावी लागते. बाबा घरीच गेले, त्यामुळे ती झाली आहे ना, हे महापालिकेच्या कार्यालयात जाऊन एकदा विचार. डॉक्टरांचा दाखला आणि स्मशानातली पावती एका फायलीत ठेव. मृत्यूच्या दाखल्याच्या चार-पाच प्रती काढ, बँक, विमा, पेन्शन सगळीकडे लागतात. त्यांचं सिमकार्ड बंद करू नकोस, बँकेचे ओटीपी त्यावरच येतात.

शनिवारी आत्या येते आहे, मुक्कामालाच. दादाचे जुने फोटो घेऊन येईन. तोवर वहिनीला दोन वेळा जेवायला बसव, आणि तूही तिच्याबरोबर बस.

तुझी,
आत्या