स्वावलंबनाचे शिक्षण

पदवी मिळाली की माणूस आपल्या पायांवर उभा राहतो, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. परंतु अर्थशास्त्राच्या तासाला बँकेची कार्ये धडाधड सांगणारा विद्यार्थी बँकेत पैसे भरण्याची स्लिप मात्र शेजारच्या माणसाकडून लिहून घेतो, हेही आपण पाहतो. त्याच्यापाशी बुद्धी आहे. हाताला सवय नाही.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ही सवय शिक्षणाचाच भाग मानली. १९१९ मध्ये त्यांनी काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. तेथे निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत. स्वयंपाक, झाडलोट, शेतीची कामे स्वतः करीत. १९४७ मध्ये साताऱ्यात निघालेल्या छत्रपती शिवाजी कॉलेजात 'कमवा व शिका' हे तत्त्व उच्च शिक्षणातही आले. त्यामुळे गरिबाच्या मुलाच्या शिक्षणाची सोय तर झालीच. पण आपली भाकरी आपण मिळवू शकतो, हा विश्वासही त्याला लाभला.

आज गाव सोडून शहरात खोली घेणाऱ्या विद्यार्थ्याला निराळीही कामे यायला हवीत. खोलीचा करार लेखी व नोंदणीकृत हवा. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने नोंदणीची जबाबदारी घरमालकावर टाकली आहे. हजार वॅटची शेगडी तासभर चालली, की विजेचे एक युनिट खर्च होते. धनादेश त्यावरील तारखेपासून तीन महिनेच चालतो. मोबाईलवर आलेला ओटीपी फोनवरून कोणालाही सांगायचा नसतो. कचेरीत अर्ज दिला, की दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायची. या गोष्टी कळायला पाच मिनिटे पुरतात. न कळल्यास महिन्याची मेस बुडते.

माझ्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. शिकलेल्या घरातील मुलांना जे जेवता जेवता कानांवर पडते, ते आम्हाला विचारून मिळवावे लागते. म्हणून विचारण्याची लाज आम्हाला परवडत नाही. शिवाय आम्ही अगदीच रिकाम्या हातांनी येत नाही. माझ्या आईला अक्षरओळख नाही. पण भिंतीवरच्या रेघोट्यांवरून ती महिन्याच्या दुधाचा हिशेब चोख मांडते. हे कौशल्यच आहे. त्याला फक्त कागदाची जोड द्यायची आहे.

आत्मविश्वास व्याख्यानांनी येत नाही. पहिला फॉर्म भरताना हात थरथरतो, दुसऱ्या वेळी कमी, तिसऱ्या वेळी आपण शेजारच्याला पेन देतो. आपल्या कॉलेजात आठवड्यातून एक तास वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी नव्या विद्यार्थ्यांना करार वाचणे, बिल तपासणे, अर्ज लिहिणे शिकवावे, अशी माझी प्राचार्यांना व प्राध्यापकवर्गाला नम्र सूचना आहे. त्यासाठी निधी नको, इमारत नको; एक फळा आणि चार कोरे फॉर्म पुरेत.