आराम वाटला म्हणजे दमा आटोक्यात आला?

दम्याच्या पेशंटला पिशवीतले दोन्ही पंप टेबलावर ठेवायला सांगावं. निळ्यावरची अक्षरं हाताळून पुसट झालेली असतात, दुसरा जवळजवळ कोरा. "निळा लगेच लागू पडतो, डॉक्टर. ह्याने काहीच वाटत नाही."

वाटत नाही, हे खरंच. निळ्यातलं साल्ब्युटामॉल श्वासनलिकांचे आवळलेले स्नायू सैल करतं. काही मिनिटांत छाती मोकळी होते आणि चार-सहा तासांत असर ओसरतो. आतली सूज मात्र तशीच राहते. ती उतरवायचं काम दुसऱ्या पंपातल्या बुडेसोनाईडसारख्या स्टेरॉइडचं. त्याला दिवस, कधी आठवडे लागतात. गुण आल्याची खूण एवढीच, की पहाटे खोकल्याने जाग येत नाही. न आलेला खोकला कुणाच्या लक्षात राहणार?

एका शिक्षिकेने "आता बरं आहे" म्हणून दिवाळीआधी हा दुसरा पंप सोडला. सासूबाईंचंही म्हणणं होतं, पंपाची सवय लागते. फटाक्यांच्या धुरात निळ्याचे फवाऱ्यांवर फवारे घेऊनही धाप थांबेना. दवाखान्यात आणलं तेव्हा दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत होता. त्या वाचल्या, पण शिरेतून स्टेरॉइड द्यावंच लागलं.

पंपाची सवय लागत नाही! दमा मुळातच दीर्घकाळाचा, म्हणून औषध रोजचं. शिवाय मात्राही थोडी: एका फवाऱ्यात बुडेसोनाईड साधारण १०० ते २०० मायक्रोग्रॅम असतं. प्रेडनिसोलोनच्या १० मिलिग्रॅमच्या गोळीत १०,००० मायक्रोग्रॅम औषध असतं आणि ते अंगभर फिरतं. पंपाला घाबरून 'मुळापासून बरं' करणाऱ्या वैदूची पुडी घेणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे, तेही मात्रेचा पत्ता नसताना.

दम्यावर काम करणाऱ्या 'जिना' (ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा) या संस्थेच्या जागतिक मार्गदर्शक तत्त्वांनी २०१९ पासून मोठ्यांना आणि किशोरवयीनांना नुसत्या निळ्या पंपावर ठेवू नये, असं स्पष्ट सांगितलं आहे. वर्षाला तीन किंवा जास्त निळे पंप संपत असतील, तर मोठ्या झटक्याचा धोका वाढलेला आहे. केमिस्टकडून चौथा आणण्याआधी डॉक्टरांना भेटा. फवारा कसा घेता, तेही त्यांना करून दाखवा. श्वासातून ओढायच्या औषधाची कॅप्सूल यंत्रात न घालता पाण्याबरोबर गिळणारे पेशंट आजही भेटतात. स्टेरॉइडचा पंप घेतल्यावर चूळ भरून थुंका, म्हणजे तोंड येत नाही.

निळ्यानेही आराम पडत नसेल, बोलताना वाक्य पुरं होत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, तर घरी वाफ घेत बसू नका. १०८ला फोन करा. गाडी येईपर्यंत पेशंटला बसतं ठेवा आणि स्पेसरमधून (पंपाला जोडायच्या नळीतून) निळा पंप देत राहा.