मशीन नाही म्हणते, तेव्हा

मूर्तिजापुरात माझं सेतू केंद्र आहे. अकोला जिल्ह्यातली माणसं येतात, तशी शेजारच्या दर्यापूर तालुक्यातलीही येतात. उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, निराधारचा अर्ज, सगळं याच टेबलावर होतं. इथे बसून जे पाहिलं आणि घरात जे सोसलं, ते सांगतो आहे.

माझी मावशी दर्यापूर तालुक्यातल्या एका खेड्यात एकटी राहते. अंत्योदयचं कार्ड आहे, म्हणजे कायद्याने महिन्याला ३५ किलो धान्य. तिने जन्मभर कापूस वेचला. वाळलेल्या बोंडाची टोकं बोटांची पेरं चिरतात. जखमा भरतात तोवर पुढचा हंगाम येतो. म्हातारपणी अशा बोटांवर रेषा कुठून उरणार? रेशन दुकानात ई-पॉस मशीनवर तिची दहाही बोटं एकेक करून लावून झाली. तिने पदराला अंगठा पुसला. रांगेतली एक बाई म्हणाली, केसावरून फिरव, तेलानं उमटते. पडद्यावर पुन्हा तोच आकडा, ३००. दुकानदार म्हणाला, "मशीन नाई म्हनते माय, मी का करू?"

मावशी रिकामी पिशवी घेऊन घरी आली. पुढच्या महिन्यातही तेच झालं. तरी तिने कोणाला सांगितलं नाही, कारण दोष आपल्याच बोटाचा अशी तिची समजूत झाली होती. "माह्याच बोटाले का झालं बावा?" असं तिने मला विचारलं, तेव्हा मला फार संताप आला. तलाठ्याने चूक केली तर त्याच्या दारात जाऊन भांडता येतं. यंत्राची चूक असली की दुकानदार मशीनकडे बोट दाखवतो, तालुक्याचा बाबू सर्व्हरकडे, आणि शेवटी गुन्हेगार ठरते ती उपाशी बाई.

वऱ्हाडाने हे आधीही भोगलं आहे. २०१७ साली दीड लाखापर्यंतच्या कर्जमाफीसाठी ऑनलाइन अर्ज भरायला लावले. नवराबायको दोघांचे आधार हवे होते. रात्र रात्र रांगा लागल्या. दिवाळीत, १८ ऑक्टोबरला, वाजतगाजत प्रमाणपत्रं वाटली, आणि मग बँकांची माहिती व अर्ज जुळेनात म्हणून याद्या अडकल्या. प्रमाणपत्र हातात आणि कर्ज डोक्यावर, अशी माणसं माझ्यासमोर येऊन बसली आहेत. त्याच काळात मेळघाटातलं हरिसाल हे मायक्रोसॉफ्टच्या मदतीने उभं राहिलेलं देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून गाजत होतं. २०१९ च्या निवडणुकीत राज ठाकरे यांनी सरकारी जाहिरातीत झळकलेल्या तिथल्या तरुणालाच सोलापूरच्या सभेत मंचावर आणलं. त्याच्या हाताला काम नव्हतं. तंत्रज्ञान वाईट आहे असं मी म्हणत नाही, माझं पोट त्यावरच चालतं. पण बिघाड झाला तर उत्तर कोण देणार, हे ठरवल्याशिवाय ते गरिबाच्या ताटाशी जोडणं हा अन्याय आहे.

म्हणून आधी पडद्यावरचा आकडा लिहून घ्या. ३०० म्हणजे ठसा जुळला नाही. ८११ म्हणजे आधारमध्ये तुमचे ठसेच नाहीत. तिथे बोट घासून काही होत नाही, आधार केंद्रातच जावं लागतं. ३३० म्हणजे बायोमेट्रिक लॉक केलेलं आहे. ३०० आला तर दुसरं बोट लावा, डोळ्याचा स्कॅनर असेल तर तो मागा, मोबाइल जोडलेला असेल तर ओटीपी मागा.

तेही जमलं नाही, तरी धान्य नाकारता येत नाही. झारखंडमधल्या सिमडेगा जिल्ह्यात अकरा वर्षांची संतोषी कुमारी २०१७ च्या सप्टेंबरात गेली. घरचं रेशनकार्ड आधारशी जोडलेलं नाही म्हणून रद्द झालं होतं. ती भुकेने गेली असं आई सांगत होती, सरकार मलेरिया म्हणत होतं. त्यानंतर २४ ऑक्टोबर २०१७ ला केंद्राच्या अन्न खात्याने राज्यांना कळवलं की अंगठा लागला नाही तरी कार्ड पाहून धान्य द्या आणि वेगळ्या नोंदवहीत लिहा. ठसा जुळत नाही म्हणून पात्र माणसाचा लाभ बुडू नये, हे २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात सर्वोच्च न्यायालयानेही नोंदवलं.

मावशीसाठी मी तहसीलच्या पुरवठा शाखेत लेखी अर्ज दिला. त्यात तारीख, आकडा आणि २०१७ च्या पत्राचा उल्लेख केला, अर्जाच्या प्रतीवर शिक्का मारून पोच घेतली. तोंडी तक्रारीला कोणी विचारत नाही, पोच असली की कागद हलतो. तिचं धान्य सुरू झालं. बुडालेल्या महिन्यांचं मात्र मिळालं नाही. कायद्यात अन्नसुरक्षा भत्त्याची तरतूद आहे, त्यासाठी जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो.

आणखी एक. अंगठा म्हणजे आता पैसा आहे. गावात अंगठ्यावर पैसे काढून देणारा "निघाले नाही, पुन्हा लावा" म्हणाला, तर आधी पहिल्या व्यवहाराची पावती मागा आणि नंतर बँकेत पासबुक भरून पाहा.

शेतकऱ्यांनी आधार आणि सातबाऱ्यावरचं नाव आजच ताडून पाहावं. एकीकडे किसन आणि दुसरीकडे किसनराव असलं तरी अर्ज अडकतो. ई-पीक पाहणी वेळेत करून तिचा फोटो जपून ठेवा. २०२५ पासून सीसीआयला कापूस विकायचा तर कपास किसान ॲपवर नोंदणी लागते, तिथे ही कागदपत्रं कामी येतात.

गावातल्या शिकलेल्या पोरापोरींना माझी हात जोडून विनंती आहे: येत्या महिन्यात शेजारच्या म्हातारीसोबत रेशन दुकानात जा, आणि तिचा अंगठा लागला नाही तर तिथेच, तिच्या वतीने, अर्ज लिहा.