काट्यावर न दिसणारं पोट

पेण-रोह्याकडे लठ्ठ म्हटलं की डोळ्यांसमोर भरल्या अंगाचा माणूस येतो. हातपाय काटकुळे, वजन साठ-बासष्ट किलो आणि पट्ट्यावरून ओघळलेलं पोट, असा माणूस आपल्या लेखी लठ्ठ नसतो. ‘जरा पोट सुटलंय’ म्हणून तो सुटतो. माझ्या मते खरी काळजी त्याचीच करायला हवी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांची जोडी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात झळकली. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) 22.3, पण युडकिनांच्या अंगात चरबी 9.1 टक्के, तर याज्ञिकांच्या 21.2. पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं मोजली, तेव्हा ती सरासरी 2.7 किलोची, हडकुळी निघाली. चरबी मात्र त्या मानाने राखलेली. म्हणजे ही ठेवण जन्मापासूनची. आतड्यांभोवतीच्या चरबीतली स्निग्धाम्लं थेट यकृताकडे जातात, इन्शुलिनला शरीर दाद देईनासं होतं, साखर आणि रक्तदाब चढतो. म्हणून शिंप्याची टेप घ्यावी. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता मोजावं. पुरुषाला 90 सेंटिमीटर आणि बाईला 80 ही आपल्याकडची मर्यादा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या (2019-21) आकड्यांत देशातल्या 40 टक्के स्त्रिया आणि 12 टक्के पुरुष सुटलेल्या पोटाचे ठरले, पण तिथे पुरुषांसाठी 94 धरले होते. तेव्हा पुरुषांनी त्या 12 वर खूश होऊ नये.

‘आजोबा तिन्ही त्रिकाळ भात खायचे, त्यांना कुठं पोट होतं?’ हा आक्षेप ठरलेला. आजोबा खारात चिखलणी करायचे, बांध घालायचे, भारे वाहायचे. भात तोच राहिला, चिखल गेला. आज पेणचा मूर्तिकार हंगामात मांडी घालून तासन्‌तास आखणी करतो, धाटावच्या कारखान्यातला माणूस पॅनेलसमोर पाळी काढतो, बाकीचे पनवेलच्या गाडीत बसून जातात. शिवाय ‘मी भात कमी केला’ म्हणणाऱ्याचं ताट नीट पाहावं. सकाळी पोहे, दुपारी थोडा भात, चहाबरोबर पोह्याचा पापड, रात्री तांदळाची भाकरी: चारही वेळा तांदूळच! भात सोडा असं मी म्हणत नाही, कोकणात ते टिकणारही नाही. उलटं वाढावं. आधी वालाची उसळ किंवा डाळ, भाजी, मासा, अंडं. उरलेल्या जागेत एक वाटी भात. मासा महाग पडतो, ही तक्रार रास्त आहे. मग सुकट, जवळा आहे. फक्त तो धुऊन घ्यावा, मीठ फार असतं. आणि दिवसाचे चार-पाच गोड चहा जेवणात कुणी धरतच नाही.

व्यायामाबद्दल आपला समज आणखी घट्ट: पोट कमी करायचं तर पोटाचे व्यायाम. सिट-अप्स आणि क्रंचेसनी स्नायू कणखर होतात, पण चरबी शरीर आपल्या हिशेबाने सगळीकडून काढतं; पट्टे बांधून घाम काढल्याने फक्त पाणी जातं. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम श्रम आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते. दम लागेल पण बोलता येईल अशी चाल, त्याच्या जोडीला बैठका, भिंतीवरचे जोर, जिने. आपल्याकडे स्नायूच कमी, म्हणून हा दुसरा भाग मी चालण्याइतकाच महत्त्वाचा मानतो. पाळीवाल्यांना वेळ नसतो हे खरं. पण दहा-दहा मिनिटांचे तुकडेही चालतात आणि रात्रपाळीनंतर पोटभर जेवून झोपणं टाळलं तरी बरंच साधतं. ‘आमच्या घराण्यातच पोट आहे’ म्हणणाऱ्यांनी टेप इतरांआधी काढावी. साखरेच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल, तर भात एकदम निम्मा करण्याआधी डॉक्टरांना विचारावं. डोस तोच राहिला तर साखर अचानक खाली जाऊ शकते.