न फुटलेला गोळा निकामी कोण करतं?

प्रश्न : आमच्या भद्रावतीत ऑर्डनन्स फॅक्टरी असल्यामुळे दारूगोळ्याच्या गोष्टी लहानपणापासून कानावर आहेत. पण युद्धात पडूनही न फुटलेल्या किंवा डेपोत पडून जुन्या झालेल्या गोळ्याचं पुढे काय होतं? सिनेमातल्यासारखी लाल-निळी वायर खरंच कापतात का? — एक वाचक, भद्रावती

उत्तर : वायर कापायची वेळ क्वचितच येते. तोफगोळ्याला बहुधा वायरच नसते. आत भरलेली मुख्य दारू, उदाहरणार्थ टीएनटी, स्वभावाने शांत असते. कारखान्यात ती वितळवून कवचात ओततात. स्फोट घडवून आणतो तो फ्यूज आणि त्यातलं चिमूटभर नाजूक द्रव्य. फ्यूजला सुरक्षेचा अडसर असतो. तोफेतून सुटताना बसणारा जबर हिसका आणि गोळ्याची गिरकी यांनी तो दूर होतो. म्हणजे शेतात पडून राहिलेल्या गोळ्याचा अडसर आधीच निघालेला असतो. घोडा ओढून ठेवलेल्या बंदुकीसारखा तो पडून असतो. हलवला तर काय होईल, हे तज्ज्ञही सांगू शकत नाही. म्हणून शक्यतो त्याला हलवतच नाहीत. माणसं दूर नेतात, भोवती वाळूची पोती रचतात, गोळ्याला खेटून आपलं स्फोटक ठेवतात आणि लांबून ठिणगी देऊन जागीच उडवतात. मे 2025 मध्ये पूंछ भागातल्या सीमेवरच्या गावांत पडलेले पाकिस्तानी गोळे लष्कराने असेच नष्ट केले.

शत्रूचे बॉम्ब आणि सुरुंग काढणं हे लष्करात इंजिनिअर्सचं, म्हणजे सॅपर्सचं काम. इथे कारवारजवळच्या चेंडिया गावचे रामा राघोबा राणे आठवायलाच हवेत. ते पुण्याच्या बॉम्बे सॅपर्सचे. एप्रिल 1948 मध्ये, काश्मीरच्या युद्धात, नौशेराहून राजौरीकडे जाणारा रस्ता सुरुंगांनी आणि अडथळ्यांनी बंद होता, वरून गोळीबार चालू होता. पहिल्याच दिवशी तुकडीतले दोघे ठार झाले, पाच जखमी झाले. जखमींत राणे स्वतः होते. तरी ते रणगाड्याच्या पोटाखाली शिरले आणि चालत्या रणगाड्याबरोबर सरपटत पुढे गेले. वरच्या चालकापर्यंत दोर बांधले होते. सुरुंग दिसेल तसा दोर ओढून ते चालकाला खूण करत आणि रणगाडा सुरुंग चुकवून सरके. त्यांना परमवीरचक्र मिळालं. हयातीत ते मिळवणारे ते पहिले. हा मान शत्रूला मारल्याबद्दल नव्हता, वाट मोकळी करून दिल्याबद्दल होता, आणि मला तो फार मोलाचा वाटतो.

आता जुन्या झालेल्या मालाविषयी. मुदत संपलेला, सदोष दारूगोळा लष्कराच्या हद्दीतल्या ठरलेल्या मैदानावर खड्ड्यात घालून उडवतात. तुमच्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात पुलगावच्या डेपोजवळ सोनेगाव आबाजीला असं मैदान आहे. 20 नोव्हेंबर 2018 च्या सकाळी तिथे जुन्या दारूगोळ्याची खोकी उतरवताना स्फोट झाला आणि सहा जणांचा जीव गेला. त्यांत बहुतेक आसपासच्या गावांतले मजूर होते. राणे यांच्या अंगावर गणवेश होता, पाठीशी शिक्षण होतं. रोजीवर खोकी उचलणाऱ्याकडे यातलं काही नसतं. जोखीम तीच असेल, तर प्रशिक्षण, साधनं आणि विमाही तोच हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

तुमच्या शेजारच्या गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात सुरुंग निकामी करण्याचं हे काम पोलिसांनाही करावं लागतं. 1 मे 2019 रोजी कुरखेड्याजवळ जांभुळखेड्याला नक्षलवाद्यांच्या भूसुरुंगाच्या स्फोटात पोलिसांचे 15 जवान आणि वाहनचालक गेले. मे 2024 मध्ये टिपागडच्या डोंगरात पुरून ठेवलेले, स्फोटकांनी भरलेले प्रेशर कुकर सापडले, तेव्हा गडचिरोली पोलिसांच्या बॉम्बशोधक-नाशक (बीडीडीएस) पथकाने ते जागीच नष्ट केले. अशा हातबनावटीच्या सुरुंगाला मात्र वायर असते. पण ती कापायला कोणी धावत नाही, कारण दिसणाऱ्या वायरीखाली दुसरा सापळा असू शकतो. पुण्याजवळ दिघीच्या डीआरडीओ प्रयोगशाळेने बनवलेला ‘दक्ष’ हा यंत्रमानव याचसाठी आहे : माणूस लांब उभा राहतो, जवळ यंत्र जातं.

धोका किती वर्षं टिकतो? जर्मनीत गटिंगन शहरात 2010 मध्ये दुसऱ्या महायुद्धातला बॉम्ब निकामी करण्याच्या तयारीत असताना फुटला आणि पथकातले तिघे गेले. तोवर युद्ध संपून 65 वर्षं झाली होती. लोखंड गंजतं, पण दारूची ताकद राहते, आणि फ्यूज जुना होईल तसा अधिकच लहरी होतो.

म्हणून तेंदूपत्त्याला, मोहफुलांना जंगलात जाताना अनोळखी डबा, कुकर, नळी किंवा जमिनीतून वर आलेली वायर दिसली, तर हात लावू नका, दगड मारू नका, भंगार म्हणून उचलू नका. आलात त्याच पावलांनी मागे फिरा, जागा नीट लक्षात ठेवा, दूर गेल्यावरच 112 ला फोन करा आणि पोलीस येईपर्यंत त्या वाटेने गुरं-पोरं जाऊ देऊ नका.