पीसी झोपला, पण रिसीव्हर जागा हवा

प्रश्न : संगणक स्लीपमध्ये गेला की कॅबिनेटमध्ये बसवलेला ब्लूटूथ रिसीव्हर बंद पडतो. त्याला वीज कुठून द्यावी?

उत्तर : स्लीपमध्ये एसएमपीएस (पीसीचा वीजपुरवठा करणारा डबा) १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या मुख्य वाहिन्या बंद करतो. पंखे, हार्ड डिस्क सगळे गपगार. जागी राहते ती एकच, ५ व्होल्ट स्टँडबाय : २४ पिनांच्या जाड कनेक्टरमधली नववी पिन, बहुधा जांभळी वायर. रॅममधला मजकूर रात्रभर टिकतो तो हिच्याच जिवावर.

जीव मात्र बेताचा. साधारण २ ते ३ अँपिअर, म्हणजे १०-१५ वॅट. त्यातही रॅम आणि यूएसबी वाटेकरी. रिसीव्हरला चिमूटभर पुरते. १२ व्होल्टचा पंखा मात्र विसरावा.

वायर कापण्याआधी मदरबोर्डवरचा यूएसबी हेडर पाहावा; हीच स्टँडबाय वीज तिथेही मिळू शकते. काही जुन्या बोर्डांवर त्याशेजारी स्टँडबायसाठी जंपर असतो. पीसी पूर्ण बंद असतानाही वीज हवी असेल, तर बायोसमधला वीजबचतीचा ‘ईआरपी’ पर्याय बंद ठेवावा.

जांभळ्या वायरीला हात घालायचाच असेल तर ५०० मिलिअँपिअरचा फ्यूज हवाच. ही वाहिनी शॉर्ट झाली तर पीसी सुरूच होत नाही. आणि भिंतीतला प्लग आधी काढावा, कारण पीसी ‘बंद’ असला तरी ही वायर चालूच असते.