खिडकीबाहेरचं चित्र : पाहायला शिकवणारा एक पाठ



मुलांना 'माझी खोली' हा चित्राचा विषय देऊन बघा. पलंग, टेबल, पंखा सगळं नीट काढतात. खिडकी आली की मात्र तिच्यात दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य आणि खाली नदी! मग घर चाळीत असो नाहीतर माळरानावर. खरी खिडकी समोर असते, पण तिच्यातून बाहेर कुणी पाहिलेलंच नसतं.

हीच अडचण मोठ्यांच्या कामातही येते. घर बांधण्याआधी खोली आतून कशी दिसेल याचं चित्र संगणकावर बनवतात, त्याला रेंडर म्हणतात. त्यातला सोफा आणि फरशी हुबेहूब असते, पण खिडकीमागे लावलेला बाहेरचा फोटो पुष्कळदा खोटा वाटतो. तो का खोटा वाटतो, हे शोधायचा हा पाठ आहे. इयत्ता चौथी-पाचवीसाठी दोन तासिका पुरतात.

१) क्षितिज डोळ्यांच्या उंचीवर
सपाट माळावर किंवा समुद्रकिनारी क्षितिजाची रेषा नेहमी आपल्या डोळ्यांच्या उंचीवर दिसते. खाली बसलो की ती खाली येते, उभे राहिलो की वर जाते. दहाव्या मजल्यावर गेलो तरी ती डोळ्यांसमोरच राहते, फक्त जवळची झाडं आणि छपरं तिच्या खाली जातात. त्यामुळे रस्त्यावर उभं राहून काढलेला फोटो दहाव्या मजल्याच्या खिडकीत लावला, तर नजर लगेच अडखळते.

२) बाहेर जास्त उजेड
चांगला उजेड असलेल्या वर्गात साधारण ३०० ते ५०० लक्स प्रकाश असतो. भर उन्हात बाहेर तोच १ लाख लक्सपर्यंत जातो. आपले डोळे जुळवून घेतात, म्हणून हा फरक जाणवत नाही. मोबाइलवर खोलीचा फोटो काढला की खिडकी पांढरी फट्ट येते, ती यामुळेच. रेंडरमध्ये बाहेरचं दृश्य भिंतीइतकंच उजळ ठेवलं तर ते पोस्टर वाटतं. म्हणून ब्लेंडरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये मागच्या फोटोला स्वतःचा उजेड देतात आणि दृश्य थोडं फिकट ठेवतात.

३) दूरचं फिकट, निळसर
हवेतून येताना प्रकाश विखुरतो. म्हणून जवळचं झाड गडद हिरवं, पण लांबचा सह्याद्री निळसर दिसतो. चित्रात डोंगर आणि झाड एकाच हिरव्या खडूने रंगवले की सगळं एकाच अंतरावर येऊन बसतं.

४) दिशा आणि वेळ
पूर्वेच्या खिडकीतून संध्याकाळचं ऊन आत येणार नाही. हिवाळ्यात आपल्याकडे उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन येत नाही. बाहेर ढगाळ पाऊस आणि आत फरशीवर उन्हाचा कडक पट्टा, असं चित्र मुलं स्वतःच पकडतात.

कृती : खोक्यातली खोली
साहित्य : बुटांचं खोकं, कात्री, ए-फोर आकाराचं बाहेरचं चित्र, टेबल लॅम्प.

खोक्याच्या एका अरुंद बाजूला साधारण ८ सेंमी लांब-रुंद चौकोनी खिडकी कापा. समोरच्या बाजूला डोळा लावण्यासाठी ५ सेंमी लांबीची आडवी फट ठेवा. आत थोडा उजेड येण्यापुरती झाकणाला चीर द्या.

आधी चित्र खिडकीला चिकटवून बघायला सांगा. मग तेच चित्र खिडकीमागे एक फूट अंतरावर उभं करा आणि लॅम्पचा उजेड त्याच्यावर पाडा. मुलांनी फटीतून डोकं डावीकडे-उजवीकडे हलवावं. आता चौकटीआड चित्राचा थोडा भाग लपतो, थोडा नव्याने दिसतो. खऱ्या खिडकीत अगदी असंच होतं. शेवटी चित्र खाली-वर करून त्यातलं क्षितिज फटीच्या उंचीला आणा. इथे मुलं "आता खरं वाटतंय!" म्हणतात, तेव्हा 'का?' हा प्रश्न आवर्जून विचारा.

ही कला काही संगणकाबरोबर आलेली नाही. कोल्हापूरचे बाबुराव पेंटर आणि आनंदराव पेंटर संगीत नाटकांसाठी पडदे रंगवत. सपाट कापडावर खोली उभी करायची म्हणजे प्रश्न हेच होते : प्रेक्षकाची नजर कुठे आणि उजेड कुठून?

पालकांसाठी
नवीन घराच्या जाहिरातीत हॉलच्या खिडकीबाहेर गर्द झाडी दिसते. ते चित्र मुलांसोबत बसून वाचा. हा मजला कितवा? खिडकी कोणत्या दिशेला? तिथे प्रत्यक्ष काय आहे? आयुष्यभराची कमाई घालताना हे प्रश्न चित्राला नाही, तर जागेवर उभं राहून विचारायचे असतात. दहा वर्षांच्या मुलाला ही सवय लागली तर ती पुढे खूप कामी येईल.

गृहपाठ
घरातल्या एकाच खिडकीतून सकाळी आणि संध्याकाळी पाच-पाच मिनिटं बाहेर पाहा. दिसेल तेच काढा : समोरची भिंत, वाळत घातलेले कपडे, पाण्याची टाकी, विजेच्या तारा. गुण देताना डोंगर-सूर्याच्या सुबक चित्रापेक्षा या टाकीला जास्त द्या. आपल्या खिडकीतून दिसणारं जगही चित्रात काढण्याजोगं आहे, हे मुलाला त्यातून कळेल.

वर्गात करून बघा आणि मुलं काय म्हणाली ते जरूर कळवा.